भय नेमके कोणाचे?

प्रश्न : आमच्या गावाजवळ साखर कारखाना आहे. हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांच्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या) पडतात. तिथल्या बायकामुलांमध्ये जावे, त्यांची विचारपूस करावी, प्रभूविषयी बोलावे असे महिला संघातल्या आम्हा काही जणींना फार वाटते. पण पाय उचलत नाही. त्या आम्हाला काय समजतील, कोणी धर्मांतराचा आरोप करील काय, अशी धास्ती वाटते. शिवाय आमच्या चर्चच्या मंडळीतही ‘त्या लोकांत कशाला जायचे?’ असे बोलले जाते. प्रार्थना करूनही भीती जात नाही, तेव्हा माझा विश्वासच कमी आहे का?
— एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : प्रिय भगिनी, प्रभूमध्ये सलाम.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तोच आपल्या मनाला अधिक जाचत असावा. भीती वाटणे म्हणजे विश्वास नसणे नव्हे. फिलिप्पैत फटके आणि तुरुंगवास, थेस्सलनीकात दंगल, अथेन्सात थट्टा, एवढे सोसून पौल करिंथात आला, तेव्हा आपण अशक्त, भयभीत आणि थरथर कापत आलो होतो, असे त्याने पुढे त्याच मंडळीला स्वतः लिहून कळवले (1 करिंथ 2:3). त्याच नगरात प्रभूने रात्री दर्शनात त्याला सांगितले की, भिऊ नको, बोलत राहा, कारण या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत (प्रेषितांची कृत्ये 18:9-10). हे दर्शन केव्हा झाले ते पाहा. पौल तेव्हा अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर राहून तंबू करीत होता, शब्बाथ दिवशी सभास्थानात बोलत होता आणि तेथून विरोध होताच शेजारच्या घरी जाऊन शिकवू लागला होता. म्हणजे भय आधी गेले आणि मग काम सुरू झाले असे घडलेले नाही. काम चालू असताना, भय मनात असताना त्याला धीर मिळाला आणि तो तेथे दीड वर्ष राहिला. भीती पूर्ण जाईपर्यंत आपण थांबणार असाल, तर हंगाम संपून कोप्या उठतील.

आता आपल्या पत्राविषयी. त्यात तीन भये आहेत आणि तिसरे आपण ‘शिवाय’ म्हणून अखेरीस लिहिले आहे. माझ्या मते तेच सर्वांत जड आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

पेत्राचे उदाहरण घ्या. यरुशलेमेच्या न्यायसभेपुढे उभा राहून, ‘आम्ही जे पाहिले व ऐकले ते बोलल्यावाचून आम्हाला राहवत नाही,’ असे सांगणारा हा माणूस. पुढे यापोत तो शिमोन चांभाराच्या घरी उतरला होता. कातडी कमावणाऱ्याच्या घरी मुक्काम करणे त्या काळच्या यहुद्याला सोपे नव्हते, आणि आपल्या देशातील वाचकांना त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. तेथून प्रभूने त्याला कैसरियात रोमी शताधिपती कर्नेल्य याच्या उंबऱ्याच्या आत नेले. तो परत आल्यावर स्वकीयांनीच त्याला धारेवर धरले. सुंता न झालेल्यांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, घरी जाऊन तू त्यांच्याबरोबर जेवलास, हाच त्यांचा आक्षेप होता. तेव्हा पेत्राने घडलेले सारे क्रमाने सांगितले आणि ते शांत झाले. इतके होऊनही, पुढे अंत्युखियात यरुशलेम मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे येताच हाच पेत्र परराष्ट्रीय बांधवांच्या पंक्तीतून उठला, आणि त्याच्या पाठोपाठ बर्णबासुद्धा ओढला गेला. याचे कारण पौलाने आडपडदा न ठेवता लिहिले आहे : तो सुंता झालेल्यांना भीत होता (गलती 2:12).

न्यायसभेला न भिणारा माणूस आपल्याच पंक्तीतल्या माणसांना भ्याला. आपल्या मंडळ्यांतील बहुतेक सेवाकार्य बाहेरच्यांच्या विरोधामुळे अडलेले नाही. आपली माणसे काय म्हणतील, उद्या उपासनेला शेजारी कोण बसेल, या विचाराने ते अडले आहे. हे लिहिताना मला दुःख होते, कारण ज्यांच्या पूर्वजांना एके काळी गावाने पाणवठ्यापासून दूर ठेवले त्यांच्याच वंशजांच्या तोंडी ‘ते लोक’ हा शब्द येतो.

म्हणून मंडळीपासून हे लपवून करू नका. पाळकसाहेब आणि पंचमंडळींपुढे विषय मांडा आणि जाताना मंडळीतील कोणाला तरी बरोबर घ्या. कर्नेल्याकडे जाताना पेत्राने सहा बांधव नेले होते आणि यरुशलेमेत तेच त्याचे साक्षीदार ठरले. ज्याने कोपीतील तान्हे मूल आपल्या मांडीवर घेतले आहे, तो ‘कशाला जायचे?’ असे सहसा विचारीत नाही.

त्या आपल्याला काय समजतील, या पहिल्या भयाविषयी असे की त्या स्त्रियांनाही आपली भीती वाटत असेल. मुकादमाची उचल डोक्यावर, गाव मागे राहिलेले, आणि आपल्या माणसांतून तुटण्याचा धाक. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधल्या काळात त्या काही वर्षे पतीपासून दूर, आप्तांच्या आधाराने राहिल्या. जात जाईल, माणसे तुटतील हे त्यांचे भय खरे होते. जातिभेदाची गाठ त्यांच्या मनात त्यांच्याच विचाराने सुटली आणि मग त्या आल्या. घरच्या माणसाला इतका अवधी लागला, तर वाटेवर भेटलेल्या स्त्रीला तो देण्यास आपण कुरकुर करू नये.

आरोपाच्या भीतीविषयी थोडक्यात. संविधानाच्या अनुच्छेद 25 ने सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. मात्र प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली दिला आहे. आपल्याला यात अडचण वाटण्याचे कारण नाही, कारण कोणाचे मन पालटणे हे आपले काम कधीच नव्हते. बाळाच्या लसीकरणासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात सोबत जा, मुलांना अक्षरे शिकवा. पण त्या मदतीला प्रार्थनेची अट कधीही जोडू नका, आणि मदत करता करता धर्मप्रचाराची पत्रिका हाती ठेवू नका. त्यांनी विचारले, तर न लाजता सांगा. त्या पहाटेच फडात जातात, तेव्हा कधी आलेले चालेल हे त्यांनाच विचारून घ्या.

प्रश्न : कार्यालयातील सहकारी कधी कधी माझ्या विश्वासाविषयी कुतूहलाने विचारतात. उत्तर चुकेल या भीतीने मी विषय बदलतो. काय करावे?
— एक तरुण वाचक, पुणे

उत्तर : योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय सावकाश वाचावा. जन्मांध मुलाला दिसू लागल्यावर आईबापांना विचारणा झाली, तेव्हा सभास्थानातून बहिष्कृत होण्याच्या भीतीने त्यांनी ‘तो वयात आलेला आहे, त्यालाच विचारा’ म्हणून अंग काढून घेतले. मुलाला मात्र धर्मशास्त्रातील वादाचे उत्तर येत नव्हते. येशू पापी आहे की नाही हे मला ठाऊक नाही, असे तो सरळ म्हणाला. आपण आंधळे होतो आणि आता आपल्याला दिसते, एवढे मात्र त्याने ठामपणे सांगितले. आपणही जे अनुभवले तेवढे सांगावे, आणि जे ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही, पाळकांना विचारून सांगतो’ असे म्हणावे. मात्र विचारून झाल्यावर त्या सहकाऱ्याकडे आठवणीने परत जावे, कारण त्याने विचारलेले आपण विसरलो नाही हे त्याला तेव्हाच कळेल.