प्रथिनासारखा अवाढव्य रेणू न मोडता मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये मोजतात तरी कसा?

तुम्ही विचारलंय की प्रथिन तापवलं तर गोठतं, त्याची वाफ होत नाही. मग वायुरूप आयनच, म्हणजे विद्युत प्रभार असलेले रेणूच, मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये ते जातं कसं, आणि एवढं करून कळतं काय? शंका रास्त आहे. या शंकेपाशीच हे सगळं क्षेत्र कित्येक वर्षं अडून होतं. वजन करण्याची यंत्रं होती, पण मोठा रेणू धडपणे हवेत उचलण्याची युक्ती सापडत नव्हती.

१९८०च्या दशकात दोन वाटा निघाल्या. येल विद्यापीठात जॉन फेन यांनी इलेक्ट्रोस्प्रे, म्हणजे विजेच्या दाबाने द्रावणाचा फवारा उडवण्याची पद्धत, प्रथिनांवर चालवून दाखवला. क्योतोच्या शिमाद्झू कंपनीतले अभियंते कोइची तानाका यांनी लेझरने प्रथिनं अखंड उडवली. २००२च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा या दोघांत विभागला गेला. आज प्रयोगशाळांत वापरतात ती लेझरची पद्धत, म्हणजे माल्डी, प्रामुख्याने जर्मनीतल्या कारास आणि हिलेनकाम्प यांची. माझ्या मते त्यांचं नाव त्या पारितोषिकात असायला हवं होतं.

मी रोज इलेक्ट्रोस्प्रे वापरतो, म्हणून तोच सांगतो. प्रथिनाचं आम्लयुक्त द्रावण बारीक नळीतून सोडायचं आणि नळीच्या टोकाला काही हजार व्होल्ट द्यायचे. टोकाशी द्रावणाचा निमुळता शंकू होतो आणि त्यातून प्रभारित थेंबांचा फवारा उडतो. थेंबातला द्रावक उडत जातो, थेंब आकसतो, पण प्रभार तेवढाच राहतो. एका मर्यादेपलीकडे सारख्या प्रभारांचं प्रतिकर्षण थेंबाला आवरत नाही आणि तो फुटून आणखी बारीक होतो. शेवटी द्रावक संपतो आणि उरतं ते प्रोटॉन चिकटलेलं प्रथिन. उष्णता लागते ती द्रावक उडवायला. प्रथिनाला उकळावं लागतच नाही.

यंत्र वस्तुमान थेट मोजत नाही, वस्तुमान भागिले प्रभार मोजतं. मोठ्या रेणूवर प्रोटॉन बसतात पंधरा-वीस, कुणावर एक कमी, कुणावर एक जास्त. त्यामुळे यंत्राच्या आलेखावर एकाच प्रथिनाची शिखरांची रांग दिसते. नवख्याला तो गोंधळ वाटतो, पण उत्तर त्या रांगेतच असतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या चार साखळ्यांपैकी (दोन अल्फा, दोन बीटा) अल्फा साखळी घ्या. शेजारची दोन शिखरं समजा ९४६.४ आणि १००९.४ वर आली. दोघांत एकाच प्रोटॉनचा फरक. लहान आकड्यातून प्रोटॉनचा १ वजा करा, ९४५.४, त्याला शिखरांमधल्या अंतराने, ६३ने, भागा. आले १५. म्हणजे १००९.४ वाल्यावर १५ प्रोटॉन आहेत. आता १००८.४ गुणिले १५, म्हणजे १५,१२६ डाल्टन (रेणूच्या वस्तुमानाचं एकक; एक प्रोटॉन साधारण १ डाल्टनचा). अल्फा साखळीचं वस्तुमान तेवढंच आहे. सॉफ्टवेअर हे क्षणात करतं, तरी एकदा कागदावर कराच. सॉफ्टवेअर प्रभार चुकीचा धरतं तेव्हा ते ओळखणारं दुसरं कुणी नसतं.

कळतं काय, याचंही उत्तर हिमोग्लोबिनच देतं. बीटा साखळी १५,८६७ची. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात तिच्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल येतं आणि वस्तुमान ३०ने घटून १५,८३७ होतं. गडचिरोली-नंदुरबारकडे हा आजार किती घरांत आहे ते आपल्याला ठाऊक आहे. तिथलं निदान इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासण्यांवर होतं, आणि ते योग्यच आहे. पण बदल रेणूत नेमका काय झाला हे मास स्पेक्ट्रोमीटर दाखवतो. १५ प्रभारांवर ते ३० डाल्टन फक्त २ एककांचा फरक म्हणून दिसतात, तरी दोन शिखरं स्वच्छ वेगळी येतात. वाहक व्यक्तीच्या रक्तात दोन्ही शेजारी उभी दिसतात.

अडतं ते हिमोग्लोबिन ई या बीटा साखळीतल्या दुसऱ्या बदलासारख्या ठिकाणी. तिथे ग्लुटामिक आम्लाच्या जागी लायसिन येतं आणि फरक पडतो जेमतेम १ डाल्टनचा. सोळा हजारांच्या रेणूत तो साध्या यंत्राला वेगळा दाखवता येत नाही. अशा वेळी अखंड मोजण्याचा हट्ट सोडायचा आणि ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या विकराने साखळीचे तुकडे करायचे. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिनच्या पुढे कापतं. नवं लायसिन आलं की तिथे नवा काप पडतो आणि एका तुकड्याचे दोन होतात. १ डाल्टनने लपलेला बदल असा उघडा पडतो. मला या सगळ्या विषयात याहून सुंदर काही वाटत नाही.

आम्लात हिमोग्लोबिनच्या चारही साखळ्या सुटतात आणि प्रत्येक साखळीतला लोहयुक्त गट, हीम, तोही गळतो. ते एकत्रच पाहायचं असेल तर आम्ल टाळून अमोनियम ॲसिटेटमध्ये, हलक्या व्होल्टेजवर फवारा करतात. मग चार साखळ्या आणि चार हीम मिळून सुमारे ६४,४५० डाल्टनचा जुडगा सापडतो. मात्र त्यावर प्रभार कमी बसतात, म्हणून शिखरं ४,०००च्या आसपास सरकतात. तुमच्या यंत्राची मर्यादा तिथवर आहे का ते आधी विचारा.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला हे करणार आहात, तर सर्वात जास्त वेळ नमुन्याच्या स्वच्छतेला ठेवा. फॉस्फेट बफर आणि मीठ सिग्नल गिळतात. एकेक सोडियम चिकटला की २२ डाल्टन वाढतात आणि नसलेला बदल दिसू लागतो. ४४-४४च्या अंतराने शिखरांची शिडी दिसली तर ते प्रथिन नव्हे, डिटर्जंटमधला किंवा प्लॅस्टिकमधून आलेला पॉलिइथिलीन ग्लायकॉल आहे. नळ्या बदला, डिटर्जंट न वापरता नमुना पुन्हा काढा आणि मगच यंत्राची वेळ घ्या.