मुलांना घेऊन फॅरो किंवा शेटलंडला ट्रेकिंग झेपेल का?

तुमचा प्रश्न असा: मुलगी 9 वर्षांची, मुलगा 6 वर्षांचा, जूनमध्ये उत्तर अटलांटिकमधली फॅरो बेटं किंवा स्कॉटलंडच्या उत्तरेची शेटलंड बेटं, यांपैकी एकीकडे जायचा विचार आहे, पण फोटोंतले कडे बघून पोटात गोळा येतो. कुठल्या वाटा मुलांना झेपतील?

झेपतील. आम्ही साधारण याच वयाच्या दोघांना घेऊन एका वर्षी शेटलंड आणि पुढच्या वर्षी फॅरो केलं. दोन वाटा अर्ध्यावर सोडून परत फिरलो. दोन्ही वेळा मुलं अजिबात थकलेली नव्हती, आडवा आला तो वारा.

तुम्ही किलोमीटर आणि चढ विचारलेत, पण तिथे ते दुय्यम आहेत. फॅरोतला सगळ्यांत उंच डोंगर 880 मीटरचा, आणि मुलांना न्याव्यात अशा वाटा त्याच्या निम्म्या उंचीलाही जात नाहीत. फॅरोच्या हवामान अंदाजांत वारा बहुधा मीटर प्रतिसेकंदात देतात. त्याला 3.6 ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात, म्हणजे 10 चा वारा ताशी 36 किलोमीटरचा. सरासरीचा आकडा सोडा, गस्टचा, म्हणजे झोताचा आकडा बघा. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. मोठा माणूस ज्या झोतात नुसता डुलतो, त्यात 20 किलोचं पोर दोन पावलं सरकतं, कारण वजनाच्या मानाने त्याचं अंग वाऱ्याला जास्त सापडतं. गारठतंही ते तुमच्या आधी. 10 अंश तापमानात ताशी 40 किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला 6 अंशांसारखं लागतं.

आम्ही घरचा नियम केला होता. झोत 10 मीटर प्रतिसेकंदापर्यंत असेल तर ठरलेली वाट. 10 ते 15 मध्ये असेल तर कड्यापासून लांबची, डोंगराच्या आडोशाची वाट. 15 च्या वर गेला की गाव, वाळू, जुनं चर्च. हे आकडे आमच्या पोरांचे, तुमचे तुम्ही पहिल्या दिवशी एखाद्या सपाट जागी ठरवा. आकड्याइतकीच दिशाही बघा. वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर तो तुम्हाला कड्याकडे ढकलत असतो. त्या दिवशी कड्याची वाट नकोच, आकडा कितीही सौम्य दिसू दे. समुद्राकडून येणारा वारा त्यातल्या त्यात बरा, पण तो कड्यावर आपटून वर उसळतो आणि काठाशी मधेच शांत, मधेच धसका देणारा होतो. खिंडीत तर दोन्ही बाजूंचा वारा एकवटून येतो, तिथे हात धरूनच चाला.

गाडी लावताना तिचं नाक वाऱ्याकडे करा. मागून वारा असला की दार हातातून सुटून उलटं फिरतं, आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात असलं नुकसान बहुतेक वेळा धरलेलं नसतं. मुलांना आतून दार उघडू देऊ नका. सहा वर्षांच्याला पाठीवरच्या कॅरियरमध्ये बसवायचा विचार असेल तर तोही सोडा. त्या उंच पाठीचं शीड होतं आणि तुमचाच तोल जातो.

आणखी एक गोष्ट मला आधी कुणीच सांगितली नव्हती. मुलांना थंडीपेक्षा जास्त दमवतो तो वाऱ्याचा आवाज. तासभर कानात सतत घोंगावणं चालू असतं, त्यात हुडाची फडफड आणि तुम्ही काय म्हणताय ते ऐकू येत नाही. धाकटा पहिल्या दिवशी विनाकारण रडायला लागला. पाय दुखतात का, भूक लागली का, सगळं विचारून झालं. शेवटी एका दगडी कुंपणामागे टेकलो, आणि आवाज थांबल्याबरोबर पाच मिनिटांत स्वारी कानात वारा शिरलेल्या वासरासारखी उधळायला लागली. तेव्हापासून हुडाच्या आत कान झाकणारी लोकरीची टोपी सक्तीची, आणि दर अर्ध्या तासाला आडोशाला थांबा. आडोसा शोधणं हाच त्यांचा खेळ झाला. शेटलंडमध्ये माळावर लहान लहान दगडी वर्तुळं दिसतात, त्यांना प्लँटीक्रब म्हणतात. कोबीवर्गातल्या भाजीची रोपं वाऱ्यापासून जपायला तिथल्या शेतकऱ्यांनी ती बांधली. मुलांना दाखवायला याहून चांगला धडा नाही. छत्री आणि पोंचो मात्र घरीच ठेवा. अंगाला बसणारं रेनकोट-पँट लागतं, आणि हातमोजे दोरीने बाहीला बांधलेले. नाहीतर उडालेला मोजा आणायला पोर कुठे धावेल याचा नेम नाही.

आता वाटा. फॅरोत पहिली निवडा ती राजधानी टोर्शहावनहून किर्क्युबोरला जाणारी (लिहितात असं, उच्चारतात निराळंच). साधारण 7 किलोमीटर, गावाबाहेरून माळ चढून पलीकडे समुद्राकाठी उतरणारी. रस्ते नव्हते तेव्हा लोक याच वाटेने ये-जा करायचे. वाट दाखवायला थोड्या थोड्या अंतरावर दगडांच्या राशी रचलेल्या आहेत, त्यांना तिथे वार्डी म्हणतात. आमच्या मुलीने पुढची वार्डी आधी कोण बघतं अशी शर्यत लावली आणि 7 किलोमीटर कधी संपले कळलंच नाही. धुकं उतरलं तर मात्र खेळ बंद. पुढची रास दिसत नसेल तर आधीच्या राशीपाशी थांबायचं, अंदाजाने पुढे जायचं नाही. खाली उतरल्यावर 1300 च्या सुमाराचं, छप्पर नसलेलं मॅग्नस कॅथिड्रल आहे. शेजारी गवताच्या छपराचं फार जुनं लाकडी घर आहे, आणि त्यात अजून त्याच शेतकरी घराण्याचा वावर आहे. परतीच्या बसच्या फेऱ्या मोजक्या असतात, वेळ आधी बघून निघा.

वॉगर बेटावरची ट्रेलानिपाची वाट म्हणजे तो समुद्रावर तरंगणाऱ्या तळ्याचा फोटो. तळ्याकाठची चाल बरीचशी सपाट, जाऊन-येऊन तीनेक तास. तळं प्रत्यक्षात समुद्रापेक्षा जेमतेम तीस-चाळीस मीटर उंच आहे, बाकी सगळी कोनाची जादू. शेवटचा 142 मीटरचा कडा उघडा आहे, रेलिंग वगैरे काही नाही. आम्ही दोघं पाळीपाळीने काठाकडे गेलो आणि मुलं खाली तळ्यापाशी दगड फेकत बसली. त्यांचं काही अडलं नाही.

काल्सोय बेटावरचा कल्लूर दीपगृहाचा फोटो तुम्ही पाहिला असणारच. ट्रोल्लानेस गावापासून तासाभराची निसरडी गवताळ चढण आहे. आम्ही तिथूनच परत फिरलो. दीपगृह समोर दिसत होतं, दहा मिनिटांचं काम. पण डोंगराच्या कुशीतून उघड्यावर आलो आणि धाकटा एका झोतात बसकण मारून खाली बसला. मुलीने विचारलं, “बाबा, आपण हरलो का?” मी हो म्हणालो. दीपगृहाच्या पुढची चिंचोळी धार तर मुलांसाठी शांत हवेतही नाहीच.

शेटलंड त्या मानाने मवाळ आहे. मुलं पहिल्यांदाच असल्या जागी येत असतील तर मी आधी तिथेच जाईन. संबरो हेडच्या 1821 च्या दीपगृहापर्यंतची चढण छोटी आणि पक्क्या रस्त्याची. कड्याच्या बाजूला दगडी भिंत आहे आणि भिंतीपलीकडे हाताच्या अंतरावर वाटावं इतके जवळ पफिन, ते रंगीत चोचीचे समुद्रपक्षी. सेंट निनियन्स बेटाला जायला तर वाळूचाच पूल आहे, दोन्ही बाजूंना समुद्र. 1958 मध्ये तिथल्या उत्खननात एका शाळकरी मुलाला दगडी फरशीखाली चांदीचा खजिना सापडला. एवढं सांगितलं की पुढे मुलांना ओढावं लागत नाही, थांबवावं लागतं.

पक्ष्यांचं एक सांगतो. जूनमध्ये घरट्यांपाशी सुरय (टर्न) आणि स्कुआ हे समुद्रपक्षी डोक्यावर सूर मारतात. ते सर्वांत उंच गोष्टीवर झेपावतात, म्हणून काठी डोक्याच्या वर धरून तिथून निघून जायचं. मुलांना आधी सांगून ठेवलं तर गंमत वाटते, नाही सांगितलं तर रात्री झोपेत दचकतात.

फॅरोत माळरानं खाजगी मालकीची आहेत, मेंढ्यांची. काही वाटांवर शुल्क घेतात, काहींना वाटाड्या लागतो, आणि हे दर वर्षी बदलतं, तेव्हा निघण्याआधी तपासा. वाट सोडून चालू नका. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने जबाबदारीने बहुतेक ठिकाणी चालायचा हक्क आहे, म्हणून शेटलंडमध्ये ही कटकट नाही. फॅरोतल्या मिकिनेससारख्या बेटाची बोट हवेमुळे रद्द होते, कधी माणसं पलीकडे अडकतात. ती सहल परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ठेवू नका.

महिना जूनच ठेवा. ऑगस्टमध्ये पफिन समुद्रावर निघून जायला लागतात. फक्त झोपेची सोय बघा, कारण तेव्हा तिथे रात्र नावापुरतीच असते. डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या मुलांसाठीही घ्या. आमचा धाकटा रात्री साडेअकराला खिडकीतला उजेड बघून उठला आणि बूट घालून दाराशी जाऊन उभा राहिला.