दुकानाचा लोगो जेपीजीत ठेवावा की पीएनजीत?

तुमची अडचण थोडक्यात अशी: घरगुती मसाल्यांसाठी लोगो करून घेतलाय, तो व्हॉट्सॲपवर जेपीजी म्हणून आला, पिवळ्या लेबलवर टाकला की मागे पांढरा चौकोन दिसतो, आणि आता तो पीएनजी करून घ्यावा का? मी डीटीपी आणि डिझाइनचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच. छपाईपुरतं उत्तर द्यायचं तर दोन्ही नकोत. ज्यांनी लोगो केला त्यांच्याकडून ओपन फाइल मागा.

ओपन फाइल म्हणजे ज्यात लोगो मुळात काढला ती. आपल्याकडे ती बहुतेक वेळा कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची सीडीआर असते, काहींची इलस्ट्रेटरची एआय. तिच्यात लोगो ठिपक्यांचा नसतो, रेषा आणि वळणं आकड्यांत साठवलेली असतात. म्हणून तीच फाइल दोन इंची लेबललाही चालते आणि दहा फुटी फ्लेक्सलाही, कडा फाटत नाहीत. मागताना एक सांगा: छपाईच्या प्रतीत अक्षरं कर्व्ह करून द्या, म्हणजे ती फॉन्टवर अवलंबून न राहता नुसते रेषांचे आकार होतात. जुन्या पद्धतीच्या श्रीलिपी फॉन्टमध्ये मजकूर असेल आणि प्रेसवाल्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल, तर ‘कांदा लसूण मसाला’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी उमटते. कर्व्ह न केलेली प्रतही घेऊन ठेवा, नाहीतर उद्या २०० ग्रॅमचं २५० करायचं म्हटलं तर आकडा खोडून नव्याने लिहावा लागेल. सोबत पीडीएफ आणि एसव्हीजी (हीसुद्धा रेषांचीच फाइल, वेबसाइटवर चालणारी) मागा, म्हणजे ज्याच्याकडे कोरल नाही त्यालाही फाइल उघडता येईल. काही डिझायनर ओपन फाइलचे वेगळे पैसे घेतात. आधी बोलणं झालं नसेल तर त्यात त्यांचं फार चुकतं असं मला वाटत नाही. पैसे द्या, पण फाइल घ्याच.

आता जेपीजीने असं का केलं? हे फॉरमॅट १९९२ सालचं, आणि ते बनलं फोटोंसाठी. चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येकातला डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा टाकून द्यायचा, म्हणजे फाइल लहान होते. मिरचीच्या ढिगाच्या फोटोत हे खपून जातं. लोगोत गडद अक्षर एकदम पांढऱ्याला भिडतं, तिथे ते उघडं पडतं. तुमची फाइल ४०० टक्के मोठी करा आणि एखाद्या वेलांटीची कड बघा. पांढऱ्यावर धूळ बसल्यासारखे करडे ठिपके दिसतील. एडिट करून पुन्हा जेपीजीत सेव्ह केलं की त्यात भर पडत जाते. शिवाय जेपीजीत पारदर्शक भाग ठेवण्याची सोयच नाही, म्हणून तो पांढरा चौकोन.

हीच फाइल आता पीएनजी म्हणून सेव्ह केलीत तर ठिपके आणि चौकोन जसेच्या तसे राहतील, फक्त फाइल जड होईल. नुसतं फाइलचं नाव बदलून तर तेवढंही होत नाही. मूळ फाइलमधून पारदर्शक पार्श्वभूमीसह काढलेली पीएनजी मात्र कामाची: व्हॉट्सॲप कॅटलॉग, बिलाचा मथळा, दिवाळीची पोस्ट. स्क्रीनवरच्या सगळ्या कामांना तीच वापरा. छपाईला नको, कारण पीएनजीत सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे रंग बसतच नाहीत. स्क्रीनवरचा झगझगीत केशरी कागदावर मंद उतरतो तो आरजीबीतून (स्क्रीनच्या रंगांतून) सीएमवायकेत जाताना, आणि हा बदल छापण्याआधीच डोळ्यांनी बघितलेला बरा. लेबलवरचा बारकोड आणि घटकपदार्थांची बारीक अक्षरंही जेपीजीतून कधीच देऊ नका. बारकोडच्या रेषांच्या कडा पुसट झाल्या की दुकानातला स्कॅनर अडखळतो, आणि तोवर हजारो लेबलं छापून झालेली असतात.

फाइल कुठलीही असो, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. तिथे ती पुन्हा दाबली जाते, एचडी निवडलं तरी. डॉक्युमेंट म्हणून पाठवली की जशीच्या तशी पोचते.

मसाल्यांचे फोटो जेपीजीतच ठेवा, क्वालिटी ८०-८५ पुरे. पाकिटावर फोटो छापायचा असेल तर छापल्या मापाला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० पिक्सेल) हवेत, म्हणजे दोन इंच रुंद फोटोला ६०० पिक्सेल. फ्लेक्स लांबून बघतात, त्याला ७२ सुद्धा भरपूर. फोटो आयफोनवर काढत असाल तर ते एचईआयसीत साठतात आणि बऱ्याच प्रेसमध्ये उघडत नाहीत. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं की पुढचे फोटो जेपीजीत येतात.

वेबसाइट काढलीत तर तिथे फोटोंना वेबपी लावा. गूगलचं २०१० सालचं फॉरमॅट आहे, तेवढ्याच दर्जाला जेपीजीपेक्षा साधारण पाव ते तृतीयांश हलकं पडतं. व्हॉट्सॲपचे स्टिकरही वेबपीच असतात. लोगोला मात्र तिथेही एसव्हीजीच.

डिझायनर फोन उचलत नसेल किंवा फाइल हरवली म्हणाला, तर आहे त्या जेपीजीवरून लोगो कोरलमध्ये नव्याने ट्रेस करून, म्हणजे रेषांनी गिरवून घ्या. ऑटो ट्रेस नको, त्यात ते करडे ठिपकेही आकार म्हणून उमटतात. हाताने करायला सांगा. साधा लोगो असेल तर तासा-दोन तासांचं काम आहे.