बोधगयेत एकच दिवस हाती असेल तर

पहाटे गयेला उतरून रात्रीच्या गाडीने परतायचे, सोबत सत्तरीच्या आई, अशा स्थितीत महाबोधी मंदिर आणि निरनिराळ्या देशांचे मठ एका दिवसात पाहून होतील का, असे आपण विचारले आहे. मी तेथे तीनदा गेलो असून पहिल्या खेपेस नेमका हाच हट्ट धरला होता. रिक्षावाल्याच्या यादीप्रमाणे सकाळी मठ पाहत सुटलो, दुपारी ते बंद झाले आणि महाबोधीला पोहोचेपर्यंत अंगात त्राण उरले नव्हते. म्हणून माझे मत असे की सकाळ मंदिराच्या आवारालाच द्यावी आणि मठांपैकी दोन-तीनच पाहावेत.

मंदिर पहाटे 5 वाजता उघडते. 2013 च्या बॉम्बस्फोटांनंतर तेथील तपासणी कडक झाली असून मोबाइल बाहेरच जमा करावा लागतो, त्यामुळे चुकामूक झाल्यास कोठे भेटायचे हे आईंशी आधीच ठरवून ठेवावे. आवार भोवतालच्या जमिनीपेक्षा बरेच खाली असल्याने पायऱ्या उतराव्या लागतात. उन्हाळ्यात दगडी फरशी तापते, तेव्हा पायमोजे जवळ असू द्यावेत.

गाभाऱ्यातील भूमिस्पर्श मुद्रेतील, म्हणजे उजव्या हाताने जमिनीला स्पर्श करणाऱ्या, बुद्धमूर्तीचे दर्शन रांगेतून लवकर आटोपते. खरा वेळ बाहेर लागतो. संबोधीनंतर, म्हणजे ज्ञानप्राप्तीनंतर, बुद्धांनी जे सात आठवडे येथे घालवले असे परंपरा मानते, त्यांच्या जागा आवारात पाट्यांनी दाखवलेल्या आहेत. बोधिवृक्षाखालच्या वज्रासनापासून, म्हणजे बुद्ध ध्यानाला बसले त्या जागेवरील दगडी आसनापासून, निघून अनिमेषलोचन चैत्य, जेथून बुद्ध पापणी न लवता वृक्षाकडे पाहत राहिले असे मानतात, मग उत्तरेच्या भिंतीलगतचा रत्नचंक्रम, म्हणजे बुद्धांची येरझारा घालण्याची जागा, जेथे चालण्याच्या वाटेवर दगडी कमळे कोरलेली आहेत, आणि शेवटी मुचलिंद सरोवर व राजायतन वृक्षाची जागा, असे सावकाश फिरावे. तपुस्स आणि भल्लिक या व्यापाऱ्यांनी बुद्धांना अन्नदान केले ते राजायतनापाशी, एवढे आईंना तेथे उभे राहून सांगितले तरी ती जागा त्यांच्या लक्षात राहील.

सध्याचा पिंपळ मूळचा नव्हे. जुना वृक्ष 1876 मध्ये वादळात पडल्यावर ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम यांनी 1881 मध्ये येथे नवे रोप लावले. पाने तोडण्यास मनाई आहे, म्हणून माणसे खाली बसून वाट पाहतात. माझ्या समोर एक पान गिरक्या घेत उतरले, तशा चार-पाच वृद्ध स्त्रिया एकदम उठल्या. ते मिळाले तिने पदराने पुसून वहीत ठेवले आणि बाकीच्या हसत पुन्हा जागेवर बसल्या. एका बाजूस तिबेटी भिक्षू लाकडी फळ्यांवर दंडवत घालत होते, तर दुसरीकडे पांढऱ्या वस्त्रांतील आपल्याकडच्या उपासकांचा त्रिसरण-पंचशीलाचा ओळखीचा सूर ऐकू येत होता. येथे घाई करू नये.

दुपारी जेवण आणि विश्रांती झाल्यावर थाई मंदिर, जपानी मंदिर आणि 1989 मध्ये उभी राहिलेली 80 फुटी बुद्धमूर्ती एवढेच पाहावे. जपानी मंदिर आणि ही मूर्ती जवळजवळ आहेत. निरंजना नदीपलीकडचा सुजाता स्तूप मला स्वतःला फार आवडतो, पण आईंना थकवा आलेला असल्यास तो निःशंक सोडून द्यावा.

गया स्थानकाचे अंतर 15 किलोमीटरच्या आसपास असले तरी रस्त्यावर गर्दी असते, तेव्हा दीड तास हाताशी ठेवून निघावे. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल, तर धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. आईंची शाल सामानात तळाशी न ठेवता वरच ठेवावी.