‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’ ही ओळ आधी काढा

प्रश्न: ताई, नमस्कार. सातारा जिल्ह्यातले आम्ही काही शिक्षक आणि आमचे माजी विद्यार्थी यांनी मिळून मराठी टंकलेखनाच्या सरावाचं सॉफ्टवेअर लिहिलं आहे. ते इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक शिकवतं, वेग मोजतं, चुका दाखवतं. शाळांच्या संगणकांवर लिनक्स असल्यानं ते थेट डेबियन या लिनक्सच्या मुक्त वितरणात मिळावं अशी आमची इच्छा आहे. एका डेबियन विकासकानं पॅकेज करून पाठवलं, पण तपासणीत ते नाकारलं गेलं. कारणं अशी: रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी मोफत’ असं लिहिलंय आणि लायसन्सची फाइल मात्र एमआयटी या अगदी सैल मुक्त परवान्याची आहे. आत जीपीएल ३ या मुक्त परवान्याखालची एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आहे. फॉन्ट, आवाज आणि सरावाचे उतारे यांच्या परवान्याची कुठेच नोंद नाही. लायसन्सची फाइल आम्ही खूप उशिरा टाकली. त्याआधीचं बरंचसं काम आमच्या एका सरांचं होतं आणि ते आता हयात नाहीत. आम्हाला यातून पैसा मिळवायचा नाही, आमच्यावर कुणी दावाही लावणार नाही. मग एवढा काटेकोरपणा कशासाठी? शिवाय ‘शैक्षणिक’ची ओळ आम्ही मुद्दाम घातली आहे, टायपिंग क्लासवाल्यांनी आमचं काम विकू नये म्हणून.
— एक शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर: सर, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण खरा अडसर तिथंच आहे. बाकीचं सगळं मेहनतीनं सुटेल, पण ही ओळ राहिली तर डेबियनच्या मुख्य संग्रहाचं दार उघडणार नाही.

डेबियननं १९९७ मध्ये स्वतःसाठी मार्गदर्शक तत्त्वं ठरवली. पुढच्याच वर्षी ओपन सोर्सची व्याख्या त्यांच्यावरूनच बेतली गेली. त्यातलं सहावं तत्त्व सांगतं की सॉफ्टवेअर कोणत्या कामासाठी वापरायचं यावर परवान्यानं बंधन घालू नये. ‘शैक्षणिक’ म्हणजे कोण, हे तुम्हीच ठरवून बघा. विनाअनुदानित शाळा फी घेते, ती चालेल का? ग्रामपंचायतीच्या लिपिकानं सराव केला तर? पत्रकार झालेल्या तुमच्याच विद्यार्थिनीनं केला तर? तपासणाऱ्यांना यातलं काहीच ठरवता येत नाही आणि ते ठरवायलाही बसत नाहीत. हेतू कितीही चांगला असला तरी नियम बदलत नाही. जेसन नावाचा एक प्रसिद्ध परवाना आहे. त्यात एकच जास्तीची अट आहे, की सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नाही. तेवढ्या अटीपायी डेबियन तो परवाना स्वीकारत नाही.

तुमची भीती मला मनापासून कळते. संगणक टंकलेखनाच्या जीसीसी-टीबीसी या सरकारी परीक्षेमुळे गावोगाव टायपिंगचे क्लास आहेत, आणि आपण फुकट दिलेलं कुणी फीमध्ये धरून विकलं की जिव्हारी लागतं. पण त्यावर बंदीपेक्षा चांगलं उत्तर जीपीएलकडे आहे. क्लासवाल्यानं पैसे घेतले तरी चालतं, मात्र प्रत देताना स्रोतही, म्हणजे मूळ कोडही, द्यावा लागतो, आणि घेणाऱ्याला तेच सॉफ्टवेअर पुढे फुकट वाटण्याचा हक्क मिळतो. त्यानं सुधारणा करून विकल्या तर त्याही त्याच अटीवर द्याव्या लागतात. तुमचं काम कुणालाही कुलपात बंद करता येणार नाही, आणि तुम्हाला तेच हवं आहे ना? नाही तरी जीपीएल ३ ची लायब्ररी आत असल्यानं संपूर्ण सॉफ्टवेअर जीपीएल ३ खालीच द्यावं लागेल. माझं मत स्पष्ट आहे: रीडमीतली ओळ पुसा आणि सगळा प्रकल्प ‘जीपीएल ३ किंवा त्यानंतरची आवृत्ती’ यावर आणा. एमआयटीखाली आलेला कोड त्यात बसतो. त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही, फक्त त्यांच्या मूळ सूचना जागेवर राहू द्या.

आता काटेकोरपणाबद्दल. तुमच्यावर दावा होईल का, एवढाच हा प्रश्न नाही. पॅकेज एकदा संग्रहात गेलं की जगभरातल्या आरशांवर, म्हणजे संग्रहाची नक्कल ठेवणाऱ्या सर्व्हरांवर, त्याच्या प्रती पडतात, उबुंटूसारख्या दुसऱ्या वितरणांत ती जाते, कुणी तरी ती संगणकात भरून विकतं. यातल्या कुणालाही तुम्ही माहीत नसता. त्यांच्या हाती असते ती एकच फाइल, पॅकेजमधली ‘डेबियन/कॉपीराइट’. तपासणारा गट ती वाचून सगळ्यांच्या वतीनं हो म्हणतो. ती फाइल खरी आणि पुरी असावी असा त्यांचा हट्ट असतो, आणि तो योग्यच आहे.

सरांचं काम हा या सगळ्यातला नाजूक भाग आहे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृतीच धरली जाते आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तिचा हक्क टिकतो. लायसन्सची फाइल नव्हती तेव्हा लिहिलेला कोड कुठल्याच परवान्याखाली नव्हता. कोड गिटहब या संकेतस्थळावर असेल तर तिथल्या अटींप्रमाणे नंतर आलेलं योगदान तिथल्या परवान्याखाली आलं असं धरता येतं, पण ते मागच्या तारखेला लागू होत नाही, आणि पेन ड्राइव्हवरून दिलेल्या फायलींना तर नाहीच. सरांचे हक्क आता त्यांच्या वारसांकडे आहेत. त्यांच्या घरी प्रत्यक्ष जा. हे सॉफ्टवेअर कुठं पोचतंय ते दाखवा, मग परवानगी मागा. सगळ्या वारसांची मागा, एकाचीच नको. कॉपीराइटच्या नोंदीत सरांचं नाव पहिलं राहू द्या. तेवढा मान त्यांचा आहेच, आणि लेखक म्हणून नाव मिळण्याचा हक्क कायदाही मानतो.

परवानगी लेखीच लागते, कलम ३० तसं सांगतं. ई-मेल चालतो, कारण माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद लेखी धरली जाते. पण एक खाचखळगा आपल्याकडे बहुतेकांना माहीत नसतो. कलम १९ प्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं मानली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता मानला जातो. कलम ३० ‘अ’मुळे हे परवान्यालाही लागू होतं. डेबियनला पाच वर्षांचा, भारतापुरता परवाना देऊन काय उपयोग? म्हणून मजकूर असा ठेवा: ‘या प्रकल्पातलं माझं सर्व लेखन मी जीपीएल ३ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीखाली, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी आणि जगभरासाठी देत आहे.’ कलम १९ मध्येच आणखी एक तरतूद आहे, वर्षभरात हक्क वापरला नाही तर तो संपण्याची. ती लागू होणार नाही हेही एका वाक्यात लिहून टाका. खाली इंग्रजी मजकूर जोडा, तपासणारे मराठी वाचणार नाहीत. वारसांच्या पत्रात ‘माझं’च्या जागी सरांचं नाव आणि नातं येईल.

असाच मेल सुरुवातीच्या प्रत्येक सहकाऱ्याकडून घ्या. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ‘गिट शॉर्टलॉग’ ही आज्ञा चालवली की नावांची यादी मिळते. जे माजी विद्यार्थी आता कंपनीत आहेत त्यांना आणखी एक विचारा: हे काम नोकरीचा भाग म्हणून किंवा कंपनीच्या वेळेत केलं होतं का? तसं असेल तर हक्क बहुधा कंपनीचा, आणि परवानगीही तिचीच लागेल. हे काम पुढे ढकलू नका. व्हीएलसी या प्रसिद्ध प्लेअरचा परवाना बदलायला २०११–१२ च्या सुमारास शेकडो जणांना गाठावं लागलं होतं. तुमची माणसं एका जिल्ह्यातली आहेत, अजून फोन उचलतात.

सरांच्या घरून नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर तेवढा भाग नव्यानं लिहा. कळफलकाच्या नकाशासाठी अडायचं कारण नाही. इनस्क्रिप्ट १९९१ च्या भारतीय मानकातच आहे आणि लिनक्सच्या एक्सकेबी या कळफलक-नकाशांच्या संचात तो नकाशा मुक्त परवान्यासह तयार मिळतो.

फॉन्टचं सोपं आहे. कुठून तरी उतरवलेला, सोबत परवान्याचा कागद नसलेला फॉन्ट काढून टाका. तो सरकारी संकेतस्थळावर मोफत मिळतो म्हणून पुढे वाटता येतो असं नाही. डेबियनमध्ये लोहित देवनागरी आधीपासून आहे. पॅकेजमध्ये फॉन्ट कोंबण्याऐवजी त्यावर अवलंबून राहा. वेगळंच वळण हवं असेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता आहे, एसआयएलच्या ‘ओपन फॉन्ट’ या मुक्त परवान्याखाली. कळ दाबल्याचा आवाज क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘अव्यावसायिक’ परवान्याखालचा असेल तर तो सहाव्या तत्त्वावरच अडतो. फोनवर स्वतः रेकॉर्ड करा. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरून उचललेली फंक्शनंही शोधा. तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सखाली असतो, आणि त्यातली फक्त ४.० ही आवृत्ती जीपीएल ३ मध्ये नेता येते. छोटी असतील तर पुन्हा लिहिणंच बरं.

उताऱ्यांत मात्र सगळ्यात जास्त घोटाळे होतात. आवडता लेखक घेतला आणि टाकला, असं चालत नाही. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०६० अखेरपर्यंत संरक्षित आहे. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन भारतात २०११ पासून खुलं आहे. पण डेबियन जगभर जातं, आणि अमेरिकेत गेल्या ९५ वर्षांत छापलेला मजकूर अजून संरक्षित असू शकतो. त्यापेक्षा आगरकर घ्या (निधन १८९५), ह. ना. आपटे घ्या (निधन १९१९). दोन्हीकडून निर्धास्त. मुलांच्या बोटांना जोडाक्षरांची सवय लावायला आगरकरांच्या गद्यासारखं दुसरं काही नाही, असं मला वाटतं. सोप्या पाठांसाठी तुमच्यातल्या मराठीच्या शिक्षकांनीच उतारे लिहावेत. जुन्या प्रश्नपत्रिका आणि वर्तमानपत्रातले अग्रलेख यांना हात लावू नका.

एवढं झालं की प्रत्येक फाइलच्या माथ्यावर तिचा परवाना ठरावीक रीतीनं सांगणारी एसपीडीएक्सची ओळ घाला, ‘रीयूज लिंट’ हे तपासणीचं साधन चालवून काही सुटलंय का पाहा, आणि नवी आवृत्ती काढा. ‘डेबियन/कॉपीराइट’मध्ये फायलींचा प्रत्येक गट, त्याचा हक्कदार आणि परवाना येऊ द्या, बाहेरच्या लायब्ररीचासुद्धा. पुन्हा पाठवताना नकाराच्या पत्रातल्या प्रत्येक मुद्द्याखाली तुम्ही काय केलंत ते लिहा. तपासणारेही स्वयंसेवकच आहेत, त्यांचा वेळ वाचतो.

प्रश्न: मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा प्रकल्प मला मुक्त परवान्याखाली द्यायचा आहे. विभागप्रमुख म्हणतात की तो कॉलेजचा आहे. खरं काय?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर: कलम १७ प्रमाणे पहिला हक्क लिहिणाऱ्याचा. नोकरीच्या करारात केलेलं काम मालकाचं होतं, पण तू कॉलेजची नोकर नाहीस, फी भरणारी विद्यार्थिनी आहेस. तरीही तीन गोष्टी तपास. प्रवेशाच्या वेळी बौद्धिक संपदेच्या एखाद्या धोरणावर सही केली होतीस का? प्रकल्पाला कुठल्या कंपनीचा किंवा योजनेचा निधी होता का? आणि गटातल्या बाकीच्यांचा, किंवा मार्गदर्शक बाईंचा, कोड आत आहे का? असेल तर त्यांची संमती हवी. बाई पगारी असल्यानं त्यांच्या भागापुरतं कॉलेजचं पत्रही घे. यातलं काही नसेल तर विभागप्रमुखांशी वाद घालत बसू नकोस. ‘आमची हरकत नाही’ अशा दोन ओळी प्राचार्यांच्या सहीनं माग आणि त्या प्रकल्पात जपून ठेव. निकाल लागून सगळे पांगण्याआधी हे उरकून घे.