टेन्बीचा समुद्र, भाड्याचं घर आणि आईबाबांचे गुडघे

या खेपेला वेल्सच्या टेन्बीबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत. या गावी मी बऱ्याच सुट्ट्या काढल्या आहेत, त्यामुळे उत्तरं थोडी लांबली तर समजून घ्या.

पुण्याहून आईबाबा येताहेत, दोघेही सत्तरी ओलांडलेले. तटबंदीच्या आत एक सुंदर फ्लॅट मिळतोय, खिडकीतून सगळं बंदर दिसतं. घेऊ का? (स्विंडन)

खिडकीतून सगळं बंदर दिसतं, म्हणजे फ्लॅट बराच वर असणार. बंदराच्या अंगाला असलेल्या त्या रंगीत इमारती जुन्या, अरुंद आणि उंच आहेत. त्यांचेच पुढे फ्लॅट पाडले, आणि बहुतेक ठिकाणी लिफ्ट नाही. गावही कड्यावर वसलेलं. नॉर्थ बीचवरून घरी यायचं तर चढ चढा, नाहीतर पायऱ्या.

घरमालकाला तीन गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. गाडीपासून बिछान्यापर्यंत एकूण पायऱ्या किती? झोपायच्या मजल्यावरच संडास आहे का? आणि शॉवर वेगळा आहे की टबात उभं राहून घ्यायचा? हा तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. टबाची कड गुडघ्याएवढी उंच, आत निसरडं, धरायला काही नाही. माझे बाबा पहिल्या दिवशी आंघोळ न करताच बाहेर आले आणि ‘आज गारठा आहे’ म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच. खरं कारण आईने मला तिसऱ्या दिवशी सांगितलं. तेव्हापासून बाथरूमचा फोटो पाहिल्याशिवाय मी पैसे भरत नाही.

शिवाय भर उन्हाळ्यात तटबंदीच्या आतले रस्ते दिवसा गाड्यांना बंद असतात. सामान कधी उतरवता येईल तेही विचारून ठेवा. तुमच्या जागी मी असते तर सॉन्डर्सफूटला बंदराजवळ तळमजल्याचं घर पाहिलं असतं. तो भाग सपाट आहे, आणि टेन्बी तिथून तीनेक मैल.

गेल्या वर्षी ओहोटीत सेंट कॅथरिन्स बेटापाशी चालत गेलो. परतताना मुलांना कडेवर घेऊन गुडघाभर पाण्यातून यावं लागलं. पाणी इतक्या लवकर कसं चढलं? (बर्मिंगहॅम)

सगळे सुखरूप आलात, हे वाचून हायसं वाटलं.

ब्रिस्टल चॅनेल नरसाळ्यासारखा निमुळता होत जातो आणि अटलांटिकचं पाणी त्यात कोंडतं. जगातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी ही एक. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं, टेन्बीला सातच्याही वर. त्यात वाळू सपाट, त्यामुळे पाणी थोडं चढलं तरी बरंच आत येतं, आणि आधी आपल्या पाठीमागचे खळगे भरतं. गाफील करतो तो पहिला तास. ओहोटी संपल्यावर पाणी जेमतेम हलतं, आपण निवांत होतो. पुढे तिसऱ्या-चौथ्या तासांत भरतीचं निम्मं पाणी चढून जातं. म्हणून ओहोटीच्या वेळेच्या आधी निघा आणि ती वेळ झाली की परत फिरा.

कोकणातल्या माणसाला तिथीवरून समुद्र कळतो, तो इथेही कळेल. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला टेन्बीची ओहोटी दुपारी जेवणाच्या वेळेला येते आणि भरती सकाळ-संध्याकाळ. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, याच्या उलट. लहान मुलं असतील तर घर घेण्याआधी दिनदर्शिकेत तिथी बघा. उधाणाच्या आठवड्यात ऐन दुपारी वाळूच वाळू मिळते, फक्त ती परत घेणारं पाणीही तितकंच जोरात येतं. नक्की वेळा मात्र भरतीच्या तक्त्यातूनच घ्या. जाहिरातीत ‘दारातच बीच’ असं असेल तर भरतीला वाळू किती उरते ते विचारा. बंदराजवळची आणि कॅसल बीचची वाळू उधाणाला जवळपास दिसेनाशी होते.

सॉन्डर्सफूटहून टेन्बीला वाळूवरून चालत येऊ नका, मंकस्टोनच्या टोकाला पाणी वाट अडवतं. वरून किनारवाट आहे. कधी अडकलातच, तर ९९९ फिरवून कोस्टगार्ड मागा, लाजू नका.

भाड्याच्या घरात फोडणी केली की अलार्म वाजतो. आठवडाभर सँडविच खायचं का? (स्लाव)

मुळीच नाही. आधी खिडकी उघडा, मग स्वयंपाकघराचं दार लावून घ्या, आणि त्यानंतरच तेल तापवा. तेलातून धूर यायच्या आत मोहरी तडतडते, तिला तेवढं पुरतं. अलार्मवर टॉवेल बांधणारे लोक मी पाहिले आहेत. ते अजिबात करू नका, वर मुलं झोपलेली असतात. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापणार नाही. ज्या भांड्याला तळाशी लोहचुंबक चिकटतं तेच न्या. बिडाचा तवा चालतो.

उन्हाळ्यात बंदरावरून बांगडे गळाला लावायच्या फेऱ्या निघतात. गावाच्या वेल्श नावात, दिनबिच-अ-पिस्गोद, मासे आहेतच. स्वतः धरलेला बांगडा आगळ-तिखट लावून त्याच संध्याकाळी तव्यावर टाका. जाताना ओटा लिंबाने पुसा आणि काटे बाहेरच्या डब्यात टाका.

रविवारी केल्डी बेटावर जायचं म्हणतोय, दहा वर्षांच्या मुलीला मठ दाखवायचा आहे. (कार्डिफ)

रविवारी होडी नसते. मठातल्या साधूंचा तो प्रार्थनेचा दिवस. त्या दिवशी मुलीला सेंट मेरीज चर्चमध्ये न्या. तिथे रॉबर्ट रेकॉर्ड यांचं स्मारक आहे. ते या गावचे. गणितात आपण जे बरोबरचं चिन्ह (=) काढतो, ते त्यांनी १५५७ साली पहिल्यांदा छापलं. एकसारख्या दोन समांतर रेषांइतकं समान दुसरं काय असणार, हा त्यांचा विचार. मुलीला वही घेऊन जाऊ द्या.

इथे घर विकत घेऊन सुट्टीसाठी भाड्याने द्यावं, असा विचार आहे. (रेडिंग)

एप्रिल २०२३ पासून वेल्समध्ये नियम कडक झाले. वर्षातले २५२ दिवस घर भाड्यासाठी खुलं हवं आणि १८२ दिवस प्रत्यक्ष भाड्याने गेलेलं हवं, तरच ते व्यवसायात मोजतात. नाहीतर दुसरं घर म्हणून कौन्सिल टॅक्स, आणि त्यावर ३०० टक्क्यांपर्यंत अधिभार लावायची कौन्सिलला मुभा. याला कारण आहे. इथल्या तरुण जोडप्यांना आपल्याच गावात घर परवडत नाही. मी तुम्हाला घ्या म्हणणार नाही. पण नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी संध्याकाळी टेन्बीच्या गल्ल्यांतून चालून या, किती खिडक्यांत दिवा लागलाय ते मोजा, आणि मग मला पुन्हा लिहा.