शेडमधली जीटीओ घेण्याआधी

1968ची पाँटियाक जीटीओ, म्हणजे जुनी दमदार अमेरिकन गाडी, ओहायोतल्या शेडमध्ये पंचवीस वर्षं उभी, आणि मालक म्हणतो, 'बॅटरी लावली की सुरू होईल.' होऊ देऊ नकोस! किल्ली त्याच्या खिशातच राहू दे.

आधी डॅशबोर्डवरच्या कोपऱ्यात, काचेतून दिसणारा व्हीआयएन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, वाच. सुरुवात 242 ने हवी. 237 असेल तर ती मुळात ल मान्स, पाँटियाकचंच साधं मॉडेल. जीटीओचे बिल्ले नंतर कोणीतरी चिकटवलेत. अशा गाड्या वाईट नसतात, पण जीटीओचा भाव द्यायचा नाही. टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, विकणाऱ्याचंच नाव आहे ना, तेही बघ.

मग गाडीखाली शीर. इंजिनाची मला फारशी काळजी नाही, 400 क्यूबिक इंचांचं ते धूड दुरुस्त होतं. पैसा खातो तो गंज. मागच्या चाकांवरची चासी, डिकीचा तळ, मागच्या काचेखालची पट्टी टोकदार स्क्रूड्रायव्हरने टोचून बघ. व्हिनाइलचं छत असेल तर त्याखाली हमखास ओल मुरलेली असते. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरव. चिकटला नाही तर आत पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलीय. पुढचा बंपर मात्र सोड, तो बहुतेक एंड्युराचा, म्हणजे वरून रबरासारख्या मऊ प्लास्टिकचा, चुंबकाला दाद देणार नाही.

सौदा झालाच तर स्पार्क प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोड, दोन दिवस थांब आणि इंजिन पान्याने हाताने फिरव. टाकीतलं जुनं पेट्रोल आणि ब्रेकचे रबरी होज आधी बदल. वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं असणारच, ते भावात धर.